चिया: भिजवून आणि कुटून

चमचाभर चिया ग्लासभर पाण्यात टाका आणि थोडा वेळ पाहत बसा. पहिली काही मिनिटं फारसं घडत नाही. काही दाणे तरंगतात, काही तळाला जातात, काही एकमेकांना चिकटून गोळा होतात. मग प्रत्येक दाण्याभोवती एक पारदर्शक कडं दिसू लागतं आणि हळूहळू जाड होत जातं. अर्ध्या तासाने पाणी दाटसर झालेलं असतं आणि दाणे त्यात जागच्या जागी अडकून राहिलेले असतात. स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी हा दाणा धरून ठेवू शकतो. चियाबद्दल जे सांगण्यासारखं आहे, त्यातलं निम्मं या ग्लासात दिसतं. उरलेलं निम्मं दाण्याच्या आतल्या तेलात आहे. ते भिजवून नीट हाती लागत नाही, त्यासाठी दाणा फोडावा लागतो. रोज चिया खाणाऱ्या अनेकांना पहिली गोष्ट माहीत असते, दुसरी नसते, आणि म्हणूनच हा लेख.

चिया हे तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव साल्व्हिया हिस्पॅनिका. आपण ज्याला बी म्हणतो ते काटेकोरपणे पाहिलं तर एक इवलंसं फळच आहे, खरी बी त्याच्या कवचाच्या आत असते. कवचाच्या बाहेरच्या पेशींमध्ये लांब साखळ्यांची कर्बोदकं दाबून भरलेली असतात. पाणी लागलं की त्या पेशी फुगून फुटतात आणि तो बुळबुळीत थर बाहेर येतो. झाडाने ही सोय स्वतःसाठी केलेली आहे. डोंगरउतारावर पडलेला दाणा पावसाच्या पहिल्या सरीत मातीला चिकटतो, वाहून जात नाही आणि रुजेपर्यंत स्वतःभोवती ओल धरून ठेवतो. सब्जा, अळीव, इसबगोल, जवस यांच्यातही कमी-अधिक प्रमाणात हीच युक्ती आढळते.

चियाचं मूळ घर मेक्सिको आणि ग्वाटेमाला. कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक मका, घेवडा आणि राजगिऱ्याबरोबर चिया पिकवत होते. अ‍ॅझ्टेक साम्राज्यात तो खंडणी म्हणून वसूल होत असे. स्पॅनिश सत्ता आल्यानंतर 1541 च्या सुमारास तयार झालेल्या मेंडोझा कोडेक्स या चित्रमय दस्तऐवजात कुठल्या प्रांताने राजधानीला काय द्यायचं याच्या याद्या आहेत, आणि त्यांत धान्याच्या कोठारांबरोबर चियाही आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्रीने सोळाव्या शतकात अ‍ॅझ्टेक जीवनाची जी प्रचंड नोंद करून ठेवली, तिच्यातही चिया अन्न म्हणून येतो आणि औषध म्हणूनही. भाजून पीठ करायचं, पाण्यात कालवून प्यायचं, तेल काढायचं, असे त्याचे बरेच उपयोग होते. पुढे गहू आणि बार्ली आले, शेती बदलली आणि चिया मागे सरला. पण तो नाहीसा झाला नाही. मेक्सिकोत आजही पाणी, लिंबू, साखर आणि चिया यांचं सरबत उन्हाळ्यात आवडीने प्यायलं जातं. आपण सब्जा घालतो तसंच.

जगाच्या बाजारात तो परत आला तो अगदी अलीकडे. 1991 मध्ये अर्जेंटिनाच्या वायव्य भागात शेतकऱ्यांसाठी पर्यायी पिकं शोधण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यात अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे वेन कोट्स आणि अर्जेंटिनाचे रिकार्डो आयेर्झा यांनी चियावर काम केलं आणि त्यातल्या तेलाकडे लक्ष वेधलं. अमेरिकेतल्या सामान्य माणसाला तेव्हा चिया माहीत होता तो मातीच्या खेळण्यांमुळे. प्राण्याच्या आकाराच्या भांड्यावर भिजलेले दाणे थापायचे आणि त्यांतून हिरवे केस उगवताना पाहायचे, असा तो खेळ. युरोपीय संघाने 2009 मध्ये चियाला ब्रेडमध्ये ठरावीक प्रमाणात वापरण्याची परवानगी दिली. त्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचं ‘बॉर्न टु रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत मैलोन्‌मैल धावणाऱ्या रारामुरी लोकांची आणि त्यांच्या चियाच्या पेयाची गोष्ट त्यामुळे जगभर गेली. रारामुरींचं धावणं बालपणापासूनच्या सरावातून येतं आणि त्यांचं पोट मुख्यतः मका आणि घेवड्यावर भरतं, हे मात्र त्या गोष्टीच्या प्रवासात गळून पडलं. उरला तो फक्त ‘शक्तिवर्धक दाणा’.

आता तो आपल्या शेतातही आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कर्नाटकातल्या शेतकऱ्यांपर्यंत हे पीक नेलं. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वाशीम जिल्ह्याने ते उचलून धरलं आहे, तेही रब्बीत. यामागे शास्त्र आहे. चिया हे लहान दिवसाचं पीक आहे, दिवस बारा तासांच्या आसपास किंवा त्याहून लहान झाला की मगच त्याला फुलं येतात. अमेरिकेच्या उत्तर भागात फुलं येईपर्यंत हिमतुषार पडू लागतात आणि पीक हातचं जातं. म्हणून केंटकी विद्यापीठात लांब दिवसांतही फुलणारे वाण मुद्दाम तयार करावे लागले. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेल्या पिकाला आखूड दिवस आपसूक मिळतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे पीक आवडण्याचं आणखी एक कारण आहे. पानांच्या उग्र वासामुळे रानडुकरं आणि रोही त्याच्या वाटेला जात नाहीत. हरभऱ्याची राखण करत रात्री मळ्यात काढणाऱ्याला ही केवढी सुटका आहे! दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये सातशेहून जास्त भरतात, त्यामुळे बियाणंही थोडंच लागतं. भाव मात्र चढ-उताराचा. मध्य प्रदेशातला नीमचचा बाजार काय म्हणतो याकडे शेतकऱ्याला कान ठेवावा लागतो.

पुन्हा ग्लासाकडे येऊ. जे पाण्यात घडतं तेच पोटात घडतं. शंभर ग्रॅम चियात सुमारे 34 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. जेवणाच्या मोठ्या चमच्यात साधारण 12 ग्रॅम चिया बसतो, म्हणजे एका चमच्यातून 4 ग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू लागतात, हे लक्षात घेतलं तर एका चमच्याची ही कामगिरी मोठी आहे. मैदा, पांढरा तांदूळ आणि बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याला ती आणखी मोठी वाटेल. पाणी धरून ठेवणाऱ्या तंतूंमुळे मळ मऊ राहतो, बद्धकोष्ठ कमी होतं. जेलमुळे जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि पिष्टाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या विकरांना अन्नापर्यंत पोचायला अडथळा होतो. परिणामी जेवणानंतर रक्तातली साखर जरा सावकाश चढते.

हे तर्काला पटतं, पण तर्क आणि अनुभव यांत अंतर असू शकतं, म्हणून माणसांवर झालेले प्रयोग पाहायला हवेत. टोरांटोत व्लादिमिर वुक्सान यांच्या गटाने टाइप-2 मधुमेहाच्या 20 रुग्णांना 12 आठवडे रोज सुमारे 37 ग्रॅम चिया दिला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी 6 अंकांनी उतरलेला दिसला. त्याच गटाने 2017 मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वजन जास्त असलेले 77 मधुमेही होते, उष्मांक मोजून दिलेला आहार होता आणि कालावधी सहा महिन्यांचा. चिया घेणाऱ्यांचं वजन सरासरी 1.9 किलोने कमी झालं, न घेणाऱ्यांचं 0.3 किलोने. उलट बाजूला अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड नीमन यांचा 2009 चा अभ्यास आहे. त्यात लोकांना 12 आठवडे रोज 50 ग्रॅम चिया पाण्यातून दिला, आणि वजनात काहीही फरक पडला नाही. हे सगळे अभ्यास छोटे आहेत. मला त्यांतून दिसतं ते असं: बाकीचा आहार आवरलेला असेल तर चिया थोडी मदत करतो, तो नसेल आवरलेला तर नुसत्या चियाने वजन उतरत नाही. सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्यातून घेतल्याने चरबी वितळते वगैरे जे ऐकू येतं, त्याला आधार नाही. सकाळ, दुपार, रात्र, कधीही घ्या, दाणा तेच काम करतो.

पाण्यात फुगण्याच्या या गुणाची धोक्याची बाजूही आहे, आणि ती मला इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा महत्त्वाची वाटते. 2014 मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका 39 वर्षांच्या माणसाची हकीकत मांडली गेली. त्याने चमचाभर कोरडा चिया तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायला. दाणे अन्ननलिकेतच फुगले आणि घट्ट गोळा होऊन अडकले. डॉक्टरांना दुर्बिणीतून तो गोळा हळूहळू पुढे सारावा लागला. त्याला गिळण्याचा त्रास आधीपासून अधूनमधून होत होता. म्हणून ही सूचना नीट लक्षात ठेवा: कोरडा चिया चमच्याने कधीही खाऊ नका. ज्यांना गिळताना त्रास होतो अशा आजी-आजोबांना आणि लहान मुलांना तर पूर्ण भिजलेलाच द्या, तोही पातळ पदार्थात. शिवाय चिया घेऊन दिवसभर पाणी कमी प्यायलं तर जे बद्धकोष्ठ घालवायचं तेच वाढतं. सुरुवात लहान चमच्याने करावी, पोट सरावलं की मोठा चमचा, आणि फार तर दोन. एकदम भरपूर घेतल्याने पोट फुगतं, गुडगुडतं. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू असतील तर रोज चिया सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मूत्रपिंडाचा विकार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका, कारण त्यात फॉस्फरस बराच असतो.

आता तेल. चियाच्या वजनाचा तिसरा हिस्सा जवळजवळ तेलच असतं आणि त्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे एएलए या ओमेगा-3 स्निग्धाम्लाचा. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. या तेलाचा स्वभाव मेक्सिकोच्या कारागिरांना फार पूर्वी कळला होता. मिचोआकान आणि गेरेरो प्रांतांत लाकडी व भोपळ्याच्या भांड्यांवर जे चकचकीत रोगण चढवतात, त्यात चियाचं तेल वापरलं जातं, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि कडक थर बनवतं. क्रिकेटच्या नव्या बॅटला आपण जवसाचं तेल लावतो ते याच कारणाने. जवसाच्या तेलातही एएलएच भरपूर असतं. जो गुण लाकडाला तारतो तोच स्वयंपाकघरात सांभाळावा लागतो. हवा आणि उष्णता लागली की हे तेल खवट होतं. अख्ख्या दाण्यात ते कवचाच्या आड आणि तिथल्या नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधकांच्या संगतीत महिनोन्‌महिने टिकतं. दाणा कुटला की मात्र घड्याळ सुरू होतं.

पण कुटावा तर लागतोच. नीमन यांनीच 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या वयातल्या स्त्रियांना 10 आठवडे रोज 25 ग्रॅम चिया दिला, काहींना अख्खा, काहींना दळलेला. दळलेला खाणाऱ्यांच्या रक्तात एएलए 58 टक्क्यांनी वाढलं. अख्खा खाणाऱ्यांच्या रक्तात वाढ दिसली नाही. दाणा इतका लहान आणि भिजल्यावर इतका निसरडा की तो दातांखाली येतच नाही, आणि बराचसा जसाच्या तसा पोटातून निघून जातो. थोडक्यात, तंतूंसाठी भिजवलेला अख्खा चिया पुरेसा आहे. ओमेगा-3 हवं असेल तर तो कुटायला हवा.

आणखी एक गोष्ट शाकाहारी वाचकांना सांगायला हवी. एएलए शरीरात गेल्यावर त्यातला थोडासाच भाग ईपीए आणि डीएचए या लांब साखळीच्या ओमेगा-3 मध्ये बदलतो, आणि हृदयाच्या व मेंदूच्या संदर्भात मुख्य चर्चा असते ती या दोघांची. नीमन यांच्या त्या अभ्यासात दळलेल्या चियाने ईपीए वाढलं, डीएचए वाढलं नाही. म्हणून बांगडा किंवा तारली खाणाऱ्या कोकणी माणसाने मासे सोडून चिया धरण्यात काही हशील नाही. मासे न खाणाऱ्याला मात्र एका चमच्यातून 2 ग्रॅमच्या आसपास एएलए मिळतं. अमेरिकेत पुरुषांसाठी दिवसाला 1.6 आणि स्त्रियांसाठी 1.1 ग्रॅमची शिफारस आहे. ती चमचाभर कुटलेल्या चियात भागते.

चियाच्या स्तुतीत कॅल्शियम आणि प्रथिनांचे आकडे हटकून येतात. दुधाच्या पाचपट कॅल्शियम, हे त्यांतलं आवडतं वाक्य. ते शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम असं मोजलं तर खरं आहे, चियात 630 मिलिग्रॅम आणि गायीच्या दुधात 120 च्या आसपास. पण शंभर ग्रॅम चिया कोण खातं? चमचाभर चियातून 75 मिलिग्रॅम मिळतं आणि प्रौढाची गरज 1000 मिलिग्रॅमची आहे. त्यातही दाण्यातल्या फायटेट या घटकामुळे सगळं शोषलं जात नाही. तीळ या बाबतीत चियाच्या कितीतरी पुढे आहे, आणि नाचणीची भाकरी तर पोटभर खाता येते. प्रथिनांचंही तसंच. सगळी आवश्यक अमायनो आम्लं चियात आहेत, पण चमच्यातून येतात 2 ग्रॅम प्रथिनं. वाटीभर उसळ कितीतरी जास्त देते. हे आकडे उगाळून चियाला मोठं करण्याची गरजच नाही, तंतू आणि एएलए या दोन गोष्टी त्याच्याकडे भरभक्कम आहेत.

सब्जा आणि चिया एकच का, हा प्रश्न अजून विचारला जातो. दोघं एकाच कुळातले, पण झाडं वेगळी. सब्जा एकसारखा काळा आणि निस्तेज असतो, पाण्यात पडताच काही मिनिटांत टम्म फुगतो आणि त्याचा थर ढगाळ दिसतो. चिया करडा-काळा-पांढरा, चकचकीत, बारीक नक्षीचा असतो आणि फुगायला वेळ घेतो. पांढरा आणि काळा चिया यांच्या पोषणात सांगण्यासारखा फरक नाही, तेव्हा पांढऱ्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. पाकिटात तपकिरी दाणे फार असतील तर ते नीट पिकण्याआधी काढलेले असण्याची शक्यता असते.

जवसाशी चियाची बरोबरी केली तर जवस बहुतेक बाबतीत कमी पडत नाही. एएलए जवसात थोडं जास्तच आहे, तंतू थोडे कमी, आणि किंमत बरीच कमी. विदर्भ-मराठवाड्यात, सोलापूरकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या जेवणात आहे, आणि ती कुटलेली असते. ज्या घरात ही चटणी रोज पानात पडते त्या घराला ओमेगा-3 साठी चियाची गरज नाही, असं मी निःशंकपणे म्हणेन. बाळंतिणीच्या अळिवाच्या लाडवांची लोहाची बाजूही चिया भरून काढू शकत नाही. चियाची खरी सोय अशी की त्याला स्वतःची चव जवळजवळ नाही आणि तो न भाजता, न शिजवता कशातही मिसळतो.

म्हणून घरात वापरायचा तर असा. एक मोठा चमचा चिया, ग्लासभर पाणी. टाकल्यावर लगेच ढवळा आणि पाच मिनिटांनी पुन्हा, नाहीतर गुठळ्या होतात. अर्ध्या तासाने तो ताकात, कोकम सरबतात, लिंबाच्या सरबतात घाला. लिंबातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतलं लोह शोषायला मदत करतं, त्यामुळे ही जोडी चांगली. रात्री वाटीभर दुधात दोन चमचे भिजवून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी घट्ट खिरीसारखा होतो. वर चिकू किंवा आंब्याच्या फोडी घातल्या की साखर लागत नाही. अंडं न खाणाऱ्यांना केक करायचा असेल तर एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा कुटलेला चिया आणि तीन चमचे पाणी कालवून पंधरा मिनिटं ठेवावं. मिश्रण चिकट झालं की पिठात घालावं. याने पीठ बांधलं जातं, पण अंड्यासारखं फुलत नाही, तेव्हा हलक्या स्पंज केकला हा उपाय नको. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मोसम असेल तेव्हा फळं पाच-सात मिनिटं शिजवून ठेचावीत, गॅस बंद करून दोन चमचे चिया घालावा. थंड झाल्यावर जॅमइतकं दाट होतं. साखर कमी असल्याने ते बरणीत टिकणार नाही, फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावं.

आणि कुटलेल्या चियासाठी मला सगळ्यात पटलेला मार्ग चटणीचा. जवस आणि तीळ मंद आचेवर भाजून घ्यायचे, थंड होऊ द्यायचे, मग त्यांच्यात चिया न भाजता मिसळायचा. लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं जिरं घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचं, भांडं तापलं की तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठ-दहा दिवस पुरेल एवढीच करावी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी. बरणी उघडल्यावर रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर ती चटणी फेकून द्यावी आणि पुढच्या वेळी थोडी कमी करावी.